तीन गोलांचा कप्तान

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक फुटबॉलपटू आहे. आपल्या देशाकडून तो तब्बल १२० आंतरराष्ट्रीय सामने खेळला. तर या १२० सामन्यांत त्याने गोल किती केले असतील? पन्नास? चाळीस? गेला बाजार वीस तरी? चुकलात! फक्त तीन. त्यातला पहिला गोल व्हायलाच शंभराहून जास्त सामने जावे लागले.

"मग तो गोलरक्षक असणार," असं तुमच्यातला एखादा चाणाक्ष नक्की म्हणेल. तेही नाही. आणि तरीसुद्धा २००४ साली युरोपातले सगळे नावाजलेले खेळाडू ज्या स्पर्धेत उतरले होते, तिथे सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती याचीच. पुढे हाच माणूस निवडणुकीला उभा राहिला, निवडूनही आला, आणि मग एके दिवशी मोठ्या पेचात सापडला. तो पेच काय, ते नंतर. आधी नाव सांगते. थिओडोरोस झागोराकिस, ग्रीसच्या फुटबॉल संघाचा कप्तान. नाव जिभेला जरा वळसे घालायला लावतं खरं, पण दोन-तीनदा मोठ्याने म्हणा, जमेल.

ग्रीस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सॉक्रेटिस, अलेक्झांडर, ऑलिंपिकची ज्योत. फुटबॉल काही आठवत नाही. त्याला कारणही तसंच होतं. ग्रीसमध्ये फुटबॉलचं वेड घराघरांत, पण देशाचा संघ मैदानात उतरला की बहुधा पदरी निराशा. १९८० साली युरोपच्या स्पर्धेत हा संघ पहिल्यांदा पोहोचला, एक सामना बरोबरीत सोडवून परतला. १९९४ साली पहिल्यांदाच विश्वचषकात खेळायला अमेरिकेला गेला, तेव्हा तर फारच फजिती झाली. अर्जेंटिनाने चार गोल मारले, बल्गेरियाने चार, नायजेरियाने दोन. तीन सामने, अंगावर दहा गोल, आणि आपण केलेले? शून्य.

झागोराकिस त्या अमेरिकेच्या दौऱ्यात नव्हता. त्याला देशाकडून पहिल्यांदा खेळायला मिळालं ते त्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये. म्हणजे सगळा देश संघावर चिडलेला असताना स्वारी आत आली!

त्याचा जन्म २७ ऑक्टोबर १९७१ चा. उत्तर ग्रीसमध्ये समुद्राकाठी कावाला नावाचं बंदर आहे, त्याच्या जवळच्या एका गावातला. खेळायला लागला तोही कावालाच्याच क्लबकडून. तिथून १९९३ च्या सुमारास तो थेसालोनिकी या मोठ्या शहरातल्या 'पाओक' क्लबमध्ये आला. या पाओकबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

पाओक हा साधासुधा क्लब नव्हे. आज ज्याला आपण इस्तंबूल म्हणतो, त्या शहराचं जुनं नाव कॉन्स्टँटिनोपल. तिथे आणि आजच्या तुर्कस्तानातल्या इतर गावांत पिढ्यान् पिढ्या लाखो ग्रीक लोक राहत होते. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लढाई झाली, आणि १९२३ साली दोन्ही देशांनी करार करून माणसांची अदलाबदल केली. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे. घरदार, दुकानं, शेतं सोडून लोक बोटींत बसले. फाळणीच्या वेळच्या गोष्टी तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकल्या असतील, तसंच काहीसं. कॉन्स्टँटिनोपलहून थेसालोनिकीला आलेल्या अशाच लोकांनी १९२६ साली पाओक काढला. त्याच्या नावातलं शेवटचं अक्षर कॉन्स्टँटिनोपलचं, आणि बिल्ल्यावर दोन डोक्यांचा गरुड, तोही त्या जुन्या शहराची खूण. आता सांगा, अशा क्लबवर लोकांची माया नुसत्या खेळापुरती असेल का? गंमत म्हणजे झागोराकिस पुढे अथेन्समधल्या ज्या 'एईके' क्लबकडून खेळला, तोही अशाच निर्वासितांनी १९२४ साली काढलेला.

मधली वर्षे भराभर सांगते. १९९८ च्या सुरुवातीला तो इंग्लंडला लेस्टर सिटीकडे गेला. तिथे दोन वर्षे काढली. लेस्टरने या काळात दोनदा लीग कपची अंतिम फेरी गाठली, १९९९ मध्ये हरले, २००० मध्ये जिंकले. मग अथेन्सला एईकेकडे परत. २००२ मध्ये एईकेने ग्रीसचा चषक जिंकला. चांगली कारकीर्द, पण जगाने दखल घ्यावी असं अजून काही नव्हतं. वय तिशीच्या पुढे गेलेलं.

२००१ साली ग्रीसने एक जर्मन प्रशिक्षक नेमला, ऑटो रेहागेल. साठी ओलांडलेले, कडक शिस्तीचे गृहस्थ. त्यांना ग्रीक येत नव्हतं. टोपालिदिस नावाचे त्यांचे सहायक ते जर्मनमध्ये बोलतील ते ग्रीकमध्ये सांगत. पहिल्याच सामन्यात फिनलंडने ग्रीसला ५-१ असं धुतलं! युरोपच्या स्पर्धेसाठी पात्रता सामने सुरू झाले तर पहिले दोन्ही हरले. पण त्यानंतर काय जादू झाली कोण जाणे, उरलेले सहाच्या सहा जिंकून हा संघ २००४ च्या जूनमध्ये पोर्तुगालला पोहोचला. कप्तान, बत्तीस वर्षांचा झागोराकिस.

'जादू' म्हटलं खरं, पण जादू वगैरे काही नव्हती. रेहागेलसाहेबांनी साधा हिशेब केला होता. आपल्याकडे मोठमोठे तारे नाहीत. समोरच्यांकडे आहेत. मग त्यांच्या प्रत्येक ताऱ्यामागे आपला एकेक माणूस लावून द्यायचा, तो जाईल तिथे त्याच्या मागे. बचाव भक्कम ठेवायचा, आणि एखादा कॉर्नर, एखादा क्रॉस मिळाला की उंच खेळाडूंनी डोक्याने चेंडू आत ढकलायचा. बस्स. पुष्कळ लोक म्हणाले, हा काय खेळ झाला? कंटाळवाणा! मला विचाराल तर त्यातले काही सामने बघताना जांभई येते हे खरं. पण दहा गोल खाऊन परत आलेल्या संघाने आधी गोल न खायला शिकावं, यात चूक काय?

स्पर्धेचा पहिलाच सामना यजमान पोर्तुगालशी, १२ जूनला, पोर्टो शहरात. सगळं मैदान पोर्तुगालच्या बाजूने. सातव्याच मिनिटाला कारागुनिसने लांबून फटका मारला, गोल! उत्तरार्धात बासिनासने पेनल्टीवर दुसरा. अगदी शेवटी पोर्तुगालकडून एक गोल झाला, तो करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा होता, त्याचं नाव क्रिस्तियानो रोनाल्डो. ग्रीस २-१ ने जिंकला. मोठ्या स्पर्धेतला ग्रीसचा हा पहिलावहिला विजय. मग स्पेनशी १-१ बरोबरी. रशियाशी मात्र १-२ अशी हार. स्पेन आणि ग्रीस दोघांचे गुण सारखे, गोलांचा फरकही सारखा. पण ग्रीसने गोल जास्त केले होते, म्हणून ग्रीस पुढे गेला आणि स्पेन घरी. एवढं थोडक्यात निभावलं.

उपांत्यपूर्व फेरीत समोर फ्रान्स. त्या वेळचा युरोपविजेता. झिदान, हेन्री, कोण नाही त्या संघात! आणि इथेच आपल्या कप्तानाचा तो क्षण आला. पासष्टावं मिनिट. झागोराकिस उजव्या बाजूने चेंडू घेऊन निघाला. समोर लिझाराझू, विश्वचषक जिंकलेला बचावपटू. झागोराकिसने चेंडू हलकेच उचलून त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकला, स्वतः बाजूने पळत जाऊन तो गाठला आणि मधे क्रॉस दिला, असा नेमका की खारिस्तेआसला फक्त उडी मारून डोकं लावायचं बाकी होतं. १-० ने फ्रान्स बाहेर! धावफलकावर नाव खारिस्तेआसचं लागलं. तीन गोलांच्या कोड्याचं उत्तर तुम्हाला इथे मिळेल.

मधल्या फळीतल्या खेळाडूचं काम असंच असतं, बरं का. मागून आलेला चेंडू पुढच्यांपर्यंत पोहोचवायचा, समोरच्याची चाल मधेच तोडायची, कोण कुठे चुकीचा उभा आहे ते बघून हाताने खूण करायची, नव्वद मिनिटे इकडून तिकडे धावायचं. यातलं काहीही धावफलकावर येत नाही. पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा एक करा. दहा मिनिटे चेंडूकडे बघूच नका, मधल्या फळीतला एकच खेळाडू धरा आणि त्याच्याकडे बघत बसा. वेगळाच खेळ दिसेल.

उपांत्य सामना झेक प्रजासत्ताकाशी. झेक संघ त्या स्पर्धेत सर्वांत रंगात होता, पण त्यांचा नेदव्हेद पूर्वार्धातच जखमी होऊन बाहेर गेला. नव्वद मिनिटांत गोल नाही. त्या काळी 'सिल्व्हर गोल' नावाचा नियम होता. जादा वेळेचा पहिला भाग संपताना जो पुढे असेल तो जिंकला, दुसरा भाग खेळायचाच नाही. तो पहिला भाग संपायला काही क्षण उरले असताना ग्रीसला कॉर्नर मिळाला आणि डेलासने डोक्याने चेंडू आत घातला. झेक खेळाडूंना उत्तर द्यायला वेळच उरला नाही! हा नियम लवकरच रद्द झाला.

४ जुलै २००४. लिस्बनमध्ये अंतिम सामना, आणि समोर पुन्हा पोर्तुगालच. सत्तावन्नाव्या मिनिटाला बासिनासचा कॉर्नर, खारिस्तेआसचं डोकं, १-०. शेवटपर्यंत तेवढंच. छोटा रोनाल्डो मैदानात ढसाढसा रडला. आणि झागोराकिसने चषक उचलला. दुसऱ्या दिवशी संघ अथेन्सला परतला, तेव्हा स्वागत कुठे झालं माहीत आहे? १८९६ साली पहिलं आधुनिक ऑलिंपिक जिथे झालं, त्या संगमरवरी स्टेडियमवर. त्या वर्षीच्या युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या 'बॅलन डी ओर' या बक्षिसासाठी मतं मोजली, तर झागोराकिस पाचवा आला होता. तोवर त्याच्या नावावर देशाकडून एकही गोल नव्हता हं! पहिला गोल त्याने केला तो २००५ मध्ये, डेन्मार्कविरुद्ध.

नंतर तो एक वर्ष इटलीत बोलोन्याकडून खेळला, मग परत आपल्या पाओककडे. २००७ साली खेळ थांबवला. देशाकडूनचा शेवटचा सामना थेसालोनिकीला, पाओकच्याच मैदानावर झाला. आणि त्याच वर्षी तो पाओकचा अध्यक्ष झाला. क्लब तेव्हा कर्जात बुडालेला. त्याने फर्नांडो सांतोस नावाचे प्रशिक्षक आणले. हेच सांतोस पुढे २०१६ मध्ये पोर्तुगालला युरोपविजेते करणार होते. दोनेक वर्षांनी त्याने अध्यक्षपद सोडलं, आणि त्याच्या जागी आला व्रिझास, म्हणजे रशियाविरुद्ध ग्रीसचा तो एकमेव गोल करणारा. ज्या एका गोलामुळे ग्रीस स्पेनच्या पुढे गेला, तोच गोल.

आता गोष्टीचा दुसरा भाग. इथे आई-बाबांनाही वाचायला बोलवा.

२०१० पासून ग्रीसवर मोठं आर्थिक संकट आलं होतं. सरकार कर्जबाजारी, पगार आणि पेन्शनी कापलेल्या. २०१३-१४ च्या सुमाराला काम शोधणाऱ्या पंचवीस वर्षांखालच्या तरुणांपैकी निम्म्याहून जास्त बेकार होते. लोकांचा राजकारण्यांवर भयंकर राग. अशा वेळी, २०१४ मध्ये युरोपियन संसदेची निवडणूक आली. युरोपियन संघातल्या सगळ्या देशांची मिळून ही एक संसद आहे. ती फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला आणि बेल्जियममधल्या ब्रुसेल्सला भरते. तेव्हा तिच्यात ७५१ खासदार होते आणि त्यांतले ग्रीसचे २१. चोवीस भाषांत कामकाज चालतं, कानाला यंत्र लावून आपल्या भाषेत ऐकायचं.

त्या निवडणुकीत ग्रीसमध्ये सगळा देश हा एकच मतदारसंघ होता. पूर्वी पक्ष नावांची यादी ठरवून द्यायचा, मतदाराने फक्त पक्ष निवडायचा. २०१४ मध्ये ते बदललं. मतदाराने पक्षाच्या यादीतल्या आपल्या आवडत्या नावांपुढे फुली मारायची, ज्याला जास्त फुल्या तो निवडून आला. आता विचार करा, साऱ्या देशभरातल्या मतदारांना कुठलं नाव ओळखीचं असणार? पक्षासाठी वीस वर्षे राबलेल्या एखाद्या काकांचं, की २००४ साली चषक उचलणाऱ्या कप्तानाचं? 'नेआ दिमोक्रातिया' म्हणजे 'नवी लोकशाही' या पक्षातर्फे झागोराकिस उभा राहिला आणि निवडून आला. २०१९ मध्ये पुन्हा आला. तिथे तो शिक्षण, संस्कृती आणि क्रीडा पाहणाऱ्या समितीत होता.

शाळेत मंत्रिमंडळाची निवडणूक होते तेव्हा काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. शर्यतीत पहिला येणारा क्रीडामंत्री होतो. पण क्रीडामंत्र्याचं काम धावणं असतं का? त्याने चेंडू मोजून कपाटात ठेवायचे असतात, लहानांनाही मैदान मिळतंय का ते बघायचं असतं. मोठ्यांच्या जगातही हेच चालतं. लायबेरियाचा महान फुटबॉलपटू जॉर्ज वेआ २०१८ ते २०२४ या काळात त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. आपल्याकडे भारताकडून खेळलेले प्रसून बॅनर्जी २०१३ मध्ये हावड्यातून लोकसभेवर निवडून आले. उलट बायचुंग भुतियासारखा लाडका खेळाडू २०१४ मध्ये दार्जिलिंगला हरला. म्हणजे नुसतं नाव नेहमीच पुरतं असंही नाही.

तर तो पेच. जानेवारी २०२०. ग्रीसमध्ये नियम असा, की एकाच मालकाकडे दोन क्लब असता कामा नयेत. का? कारण ते दोघे समोरासमोर आले तर सामना खरा होईल कशावरून? पाओकचा झांथी नावाच्या दुसऱ्या क्लबशी असा आतून संबंध आहे, असं खेळावर देखरेख करणाऱ्या समितीचं म्हणणं पडलं, आणि दोन्ही क्लबांना खालच्या विभागात ढकलावं अशी तिने शिफारस केली. पाओकचे लोक खवळले. आदल्याच मोसमात, २०१९ मध्ये, एकही सामना न हरता पाओक देशाचा विजेता झाला होता! सत्तेवर होता 'नवी लोकशाही', म्हणजे झागोराकिसचाच पक्ष. आता कप्तानाच्या अंगावर दोन जर्सी होत्या. एक पक्षाची, एक पाओकची.

त्याने पाओकची बाजू घेतली, आणि तीही उघडपणे. पक्षाने त्याला बाहेर काढलं. (सरकारने मग घाईघाईने कायदाच बदलला, खालच्या विभागात ढकलण्याऐवजी गुण कापायचे असं ठरवलं.)

खासदारकी मात्र गेली नाही. पक्ष माणसाला पक्षातून काढू शकतो, पण लोकांनी दिलेली जागा त्याची त्याच्याकडेच राहते.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला तो आवडला. लोक खुर्चीसाठी काय काय गिळतात, याने निदान मनातलं बोलून दाखवलं. पण नंतर वाटलं, थांबा. त्याला मतं काय फक्त पाओकवाल्यांनी दिली होती? त्याच्या नावापुढे फुली मारणाऱ्यांत पाओकचे कट्टर विरोधकही असतील, ज्यांच्यासाठी तो सगळ्या ग्रीसचा कप्तान होता. समितीने नेमकं काय तपासलं, नियम काय, हे बघण्याची जबाबदारी खासदाराची होती. वर्गात दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची आहेत आणि त्यात स्वतःचा भाऊ आहे, असं झालं की मॉनिटरचं जे होतं, तेच. म्हणून माझं मत विचाराल तर, त्या दिवशी तो प्रामाणिक होता, पण सगळ्यांचा कप्तान नव्हता.

मार्च २०२१ मध्ये तो ग्रीसच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. सगळ्या क्लबांना एकत्र घेऊन चालायचं काम, म्हणजे मधल्या फळीतलंच म्हणा ना. सहा महिन्यांतच, सप्टेंबरमध्ये त्याने राजीनामा दिला. मैदानात हाताने खूण केली की दहाजण हलायचे, इथे तसं कोण हलतंय! २०२४ मध्ये युरोपियन संसदेतली त्याची दुसरी मुदत संपली. त्या वर्षी ग्रीसमधून निवडून आलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

आता तुमची पाळी. जानेवारी २०२० मध्ये तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? पक्ष, क्लब, की आणखी तिसरंच काही? घरी वाद घाला आणि पत्राने कळवा. नाव आणि इयत्ता लिहायला विसरू नका, मागच्या खेपेला पुष्कळांची राहिली होती.